नेमाच्या माणसाची भाजी

भूपालआण्णा रिकाम्या हातानं कुणाच्या दारात गेलेत, असं मी तरी कधी पाहिलं नाही. बारसं असो, लग्न असो, कुणी दवाखान्यातून घरी आलेलं असो, त्यांच्या हातात पिशवी असायचीच. पिशवीत पोकळा, मेथी, चाकवत, शेपू, त्या दिवशी रानात जे चांगलं उतरलं असेल ते. आपल्या रानातलं चांगलंचुंगलं शेजाऱ्यांना आणि लेकीबाळींना द्यायचं, याला वानोळा म्हणतात. बाकीचे लोक तो सुगीला देतात, आण्णा रोज द्यायचे. एकदा एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरा-नवरीच्या हातात मेथीची एकेक पेंडी ठेवली. फोटोग्राफर म्हणाला, "आण्णा, ते जरा खाली ठेवा की." आण्णा गरजले, "का? आहेराची पाकिटं दिसल्याली चालत्यात, मग माझ्या मेथीनं काय पाप केलंय?" मेथीसकटचा तो फोटो त्या जोडप्याच्या घरात अजून भिंतीवर आहे.

गरजले असं मी उगाच लिहीत नाही. आण्णांना हळू बोलता यायचं नाही. त्यांनी कुणाच्या कानात गुपित सांगितलं तरी ते अख्ख्या गल्लीला कळायचं. त्यामुळे त्यांच्याजवळ गुपितं फारशी नव्हती.

नवऱ्याची नोकरी हुपरीला आणि मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आम्ही दोन्हीच्या मधल्या एका गावात घर घेतलं. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हाच शेजारच्या भिंतीवरून आवाज आला, "पावणं कुठलं?" मी म्हटलं, साताऱ्याचे. "मग चाकवत खाताय का न्हाय?" उत्तराची वाट न बघता भिंतीवरून एक हात आला आणि हातात चाकवताच्या दोन पेंड्या. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, कानावर पांढरे केस, असे आण्णा मागाहून दिसले. आमची ओळख झाली ती अशी, भाजी आधी आणि माणूस नंतर.

त्या दिवसापासून मी त्यांची 'बाई' झाले आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यावर त्यांची नजर पडली. मेथी निवडताना मी देठं टाकते हे त्यांना तिसऱ्याच दिवशी कळलं. "बाई, एवढं शिकलासा आन् देठं टाकतासा? समदा जीव देठात अस्तोय." माणूस भाजी कशी निवडतो यावरून ते त्याची परीक्षा करायचे. त्यांच्या मुलासाठी, महावीरसाठी, सांगून आलेली एक मुलगी त्यांनी निव्वळ कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या म्हणून नापास केली होती, असं त्रिशलाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या. महावीरनं पुढं तिच्याशीच लग्न केलं, ती गोष्ट वेगळी.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, "मागणाऱ्याला न्हाय म्हनू ने." मागणारा कोण, कशाला मागतो, याची चौकशी नाही. एसटीचा कंडक्टर मागायचा, पोस्टमन मागायचा. बांधावरून ज्यांच्याशी भांडण होतं त्या घरातली बाईसुद्धा बिनदिक्कत मागायची, आणि आण्णा तिच्या पदरात पेंडी टाकून वर विचारायचे, "कोथमीर नको व्हय?"

हे सगळं यायचं त्यांच्या घरामागच्या, नदीकाठच्या अर्ध्या एकरातून. पंचगंगेचं पुराचं पाणी उतरलं की काठावर काळाभोर गाळ राहतो. त्या जमिनीला मळी म्हणतात. मळीला खत लागत नाही, नदीच दरसाल घालून जाते. मोठा महापूर आला त्या वर्षी लोक घराघरांतला गाळ काढून रडत होते आणि आण्णा ट्रॉली लावून तोच गाळ आपल्या रानात ओढत होते. "लोणी हाय ह्ये, लोणी!" त्यांनी पेंडी बांधली की ती एकदा नदीत बुडवून काढायची, म्हणजे भाजी जागी होते. आणि माती कशी आहे हे बघायचं तर चिमूटभर जिभेवर ठेवायची. इकडे सतत पाणी पाजलेली बरीच रानं मिठानं फुटलेली आहेत. रान खारवट होत चाललंय हे आण्णांना जिभेवर दोन वर्षं आधी कळायचं. चार गावांतून लोक त्यांच्याकडे मातीच्या पुड्या घेऊन यायचे. आण्णा चिमूट जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ग्वाड हाय. पेरा."

माझा यात शिरकाव झाला तो निव्वळ आळसापायी. आमच्या विभागाला एक लहानसा प्रकल्प मिळाला होता. नदीच्या तळाचा गाळ घ्यायचा, काठावरची भाजी घ्यायची आणि त्यात शिसं, कॅडमियम असले जड धातू किती आहेत ते तपासायचं. ठिकाणं मी ठरवायची होती. भिंतीपलीकडे आण्णा असताना लांब कशाला जा, असा विचार मी केला. तो मी केला नसता तर बरं झालं असतं, असं आज शंभरदा वाटतं.

मी प्लॅस्टिकच्या चमच्यानं गाळ पिशवीत भरत होते तेव्हा आण्णा काठावर उभे राहून हसत होते. "चमच्यानं? पोराला भरवताय काय?" मग स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले, मूठभर गाळ काढला, चिमूट तोंडात टाकली. "लिवा. ग्वाड." भाजीचा नमुना कुठलाही उचलायचा असतो, पण आण्णांनी पहाटे उठून वाफ्यातल्या सगळ्यांत देखण्या पेंड्या निवडल्या, नदीत बुडवल्या, केळीच्या सोपटानं बांधल्या. मी किती सांगितलं तरी ती त्यांना स्पर्धाच वाटत होती. "आमची पयली येनार बगा, बाई." पुढचे दोन महिने ते रोज भिंतीवरून विचारायचे, "निकाल लागला काय?" भाजी परीक्षेला बसलीय हे सगळ्या गावाला माहीत झालं होतं.

निकाल लागला. सगळ्या ठिकाणच्या नमुन्यांत आण्णांची भाजी पहिली आली होती. शिसंही तिच्यातच जास्त, कॅडमियमही तिच्यातच.

मी चार दिवस त्यांना टाळलं. पाचव्या दिवशी बाजूच्या गेटानं सरळ त्यांच्या रानात गेले. आण्णा वाफ्यात बसले होते. मी कागद पुढे केला आणि सांगितलं.

"शिसं म्हंजे? बंदुकीच्या गोळीत अस्तंय ते?"

"तेच. बॅटरीत असतं, रंगात असतं."

"माझ्या रानात बॅटरी कुणी पेरली?"

मी सांगत गेले. वरून येतं. शहराचा नाला, कारखाने, लहानमोठी वर्कशॉपं, मूर्तींचे रंग, फेकलेल्या बॅटऱ्या, सगळ्यांचं थोडं थोडं. पाणी पुढं जातं, हे जड असतं म्हणून गाळात बसतं. बसलं की हलत नाही. गाळातून मुळात, मुळातून पानात. आण्णांनी वाफ्यातली चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग दुसरी चिमूट ठेवली.

"ग्वाडच लागतंय की."

"ते जिभेला कळत नाही, आण्णा."

माणसाला वाईट बातमी सांगणं वेगळं आणि त्याची जीभ खोटी ठरवणं वेगळं. हे मला तेव्हा कळलं, पण शब्द तोंडातून गेले होते. चार गावांची माती चाखलेली ती जीभ त्यांनी टॉवेलच्या टोकानं पुसली.

"धुतल्यावर?"

"आत असतं."

"शिजिवल्यावर?"

"जात नाही."

मग त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज नीट ऐकू आला नाही. "ल्हान पोराला?"

मी कागदाची घडी घातली. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना शिसं जास्त बाधतं, हे मी वर्गात दरवर्षी न अडखळता सांगते. तिथं वाफ्यात मला ते सांगता येईना. ती घडीच त्यांना उत्तर म्हणून पुरली.

ल्हान पोर म्हणजे त्यांचा नातू. त्यांची लेक सुनीता कोल्हापुरात दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मूल झालं होतं, ते आता दोन वर्षांचं. दर बुधवारी आणि शनिवारी आण्णा भाजीची पिशवी कोल्हापूरच्या एसटीत चढवायचे. कंडक्टर ती सुनीताच्या स्टॉपवर उतरवायचा, स्वतःची एक पेंडी काढून घेऊन. नातू पोकळ्याची भाजी नि भात मिटक्या मारत खातो, हे आण्णा ज्याला त्याला सांगायचे.

त्या बुधवारी पिशवी गेली नाही. शनिवारीही नाही. रविवारी सुनीताचा फोन आला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, त्यामुळे मलाही ऐकू आला. "आण्णा, मी काय चुकलो काय?" इकडच्या बायका असंच बोलतात, मी गेलो, मी चुकलो. वानोळा थांबला म्हणजे माहेर रुसलं, असाच अर्थ तिनं काढला होता. कुणीही काढला असता. आण्णांनी शिशाचं सगळं समजावून सांगितलं, मला वाटतं नदीपलीकडच्या गावालाही ते समजलं असेल. पलीकडून लेक एवढंच म्हणाली, "मग मी भाजी कुठनं आणायची? मंडईतनं? ती तर कुठल्या पाण्यावरची हाय?"

आण्णांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि त्रिशलाकाकूंनी मिळून सगळे वाफे उपटले. बांधावर कमरेइतका हिरवा ढीग झाला. महावीर सायकलला टेकून नुसता बघत होता. आण्णांनी भिंतीशी येऊन मला हाक मारली.

"बाई, ही कुठं टाकू?"

"म्हशीला नको, दुधात येईल."

"ते ठावं हाय. उकिरड्यात?"

"ते खत परत रानातच जाणार."

"नदीत?" असं म्हणून त्यांनी स्वतःच मान हलवली. "तितनंच आलंय. जाळू?"

"राखेत राहतं, आण्णा. मी विचारून सांगते."

मी विचारलं. विभागात विचारलं, बाहेर दोघा-तिघांना विचारलं. कारखान्याच्या कचऱ्याचं काय करायचं याचे नियम आहेत, दोन गाड्या पोकळ्याचं काय करायचं याचे कुणाला माहीत नव्हते. एकजण हसला सुद्धा. मी आण्णांना काही सांगितलं नाही, आणि तिकडे ढीग आपोआपच कमी होत गेला. गल्लीतल्या बायकांनी त्यातल्या चांगल्या चांगल्या पेंड्या निवडून घरी नेल्या होत्या. आण्णा ओरडले, "खाऊ नगासा गं, शिसं हाय!" त्या म्हणाल्या, "असू द्या की, लोखंड तरी आमच्यात कुठं हाय, डाक्टर गोळ्या देतोय." आणि खदाखदा हसल्या.

मग आम्ही एका कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी रिपोर्ट घेतला होता. आण्णांनी पुरावा म्हणून महावीरच्या वाफ्यातली भाजी घेतली होती. हो, महावीरनं पुन्हा मेथी टाकली होती. घरातला रोजचा खर्च त्या अर्ध्या एकरावर चालायचा, त्याचंही चुकीचं नव्हतं. "आपण सोडलं म्हणून नदी सोडती काय?" एवढंच तो म्हणाला होता. पहिल्या टेबलावरचे म्हणाले, पाण्याचं असेल तर आमच्याकडे, हे भाजीचं आहे. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, भाजी आमच्याकडे, पण गाळ आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, रिपोर्टची पानं उलटली आणि म्हणाले, "कॉलेजचा प्रकल्प आहे हा, मॅडम. अधिकृत तपासणी नव्हे. तुम्ही अर्ज ठेवून जा." आम्ही उठलो. दारापर्यंत गेल्यावर आण्णांच्या लक्षात आलं की पिशवी टेबलावरच राहिली. ते परत गेले. तोवर साहेबांनी शिपायाला हाक मारली होती, "अरे, ही मेथी माझ्या डब्याच्या पिशवीत टाक. काय ताजी आहे बघ, मंडईत मिळत नाही अशी."

आण्णा म्हणाले, "साहेब, ती खायाची न्हाय. पुरावा हाय."

"असू द्या हो, काका. पुरावा कागदावर आहे की."

तोंडाला पानं पुसणं मी आजवर ऐकलं होतं. आमच्या तोंडाला पानं पुसून आमचीच पानं घरी नेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. परतीच्या एसटीत मी हसत सुटले. आण्णा हसले नाहीत. म्हणाले, "त्येच्या घरात बी ल्हान पोरं असतील की हो."

मुनिमहाराज गावात आले ते त्यानंतर. आण्णा जैन, घरात कांदालसूण चालायचा, पण सूर्य मावळायच्या आत जेवण आणि सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाणं कधी चुकलं नाही. चातुर्मासात त्यांच्यातले पुष्कळजण पालेभाजी सोडतात. त्या दिवशी प्रवचन झाल्यावर आण्णा उठून उभे राहिले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "महाराज, पालेभाजीचा जल्मभर नेम द्या." बस्ती चकित झाली. ज्यानं आयुष्यभर पालेभाजीच पिकवली आणि वाटली, त्यानं तीच सोडावी! बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

खरं कारण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी भिंतीवरून सांगितलं. "शिसं म्हटलं की लोकं हसत्यात, बाई. नेम म्हटलं की हात जोडत्यात. इचार केला, नेमच घिऊ. मी घेतला की चार घरं घेतील. चाराची आठ हुतील. शिसं सांगायची गरजच न्हाय." इतका खूश झालेला माणूस मी त्या वर्षात पाहिला नव्हता. मलाही ते पटलं. माझ्या रिपोर्टाला जे जमलं नाही ते त्यांचा एक नेम करील, असं मी सुद्धा धरून चालले.

झालं भलतंच. घरं नेम घेतील असं त्यांना वाटलं होतं. दोन म्हाताऱ्यांनी घेतला, तोही चातुर्मासापुरता. बाकीच्यांनी काढला तो अर्थ असा: आण्णा किती मोठा माणूस, स्वतः पानाला शिवत नाही आणि दुसऱ्यासाठी पिकवतो. महावीरची भाजी बाजारात उतरली की बायका विचारायला लागल्या, "नेमाच्या माणसाची हाय का?" असेल तर आधी तीच जायची. कुणाच्या घरी बाळंतीण असली की तिच्यासाठी मुद्दाम मागायला यायचे. आण्णा अंगणात उभे राहून सांगायचे, "अगं बाई, इख हाय त्यात! म्हणून तर म्या सोडलीया!" ती बाई त्यांच्या पाया पडायची. इतकी नम्रता आजच्या काळात कुठं बघायला मिळते!

ते बघताना मला माझ्या रिपोर्टाचा राग यायचा. आण्णांचाही यायचा. इतक्या मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाचं कुणाच्या कानापर्यंत पोचू नये, याला काय म्हणावं?

एक वर्ष त्यांनी महावीरच्या हातापाया पडून मळीत झेंडू लावला. झेंडू कुणी खात नाही. पिवळंधमक रान बघून आण्णा म्हणाले, "आता कसं निवांत झोप लागती." तोडणीला आठ दिवस होते आणि नदी पात्राबाहेर आली. पाणी उतरलं तेव्हा झेंडू नव्हता, वीतभर नवीन गाळ होता. महावीरनं वारणानगरला नोकरी धरली आणि मळी पलीकडच्या गावच्या एकाला खंडानं करायला दिली. त्यानं काय लावलं हे सांगायला नकोच.

आण्णांनी मग राधानगरी धरली. तिथं त्यांची चुलतबहीण होती, धरणाच्या वरच्या अंगाला. नदीत जे काही मिसळतं ते खाली, वर पाणी स्वच्छ, असं त्यांनी मलाच विचारून पक्कं केलं. दर शनिवारी पहाटेची गाडी धरायची, बहिणीच्या परड्यातली भाजी घ्यायची, कोल्हापुरात लेकीकडे पोचवायची आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. दोन पेंड्यांसाठी अख्खा दिवस. एकदा त्यांनी त्यातली एक पेंडी माझ्याकडे आणली. "बाई, एवढी तपासून द्या. ही चांगली हाय एवढं कागदावर पायजे." प्रकल्प तोवर संपला होता. यंत्र आमचं नव्हतंच, दुसरीकडचं होतं, तिथं आता आमचा नंबर लागत नव्हता. मी म्हटलं, "आता तपासता येत नाही, आण्णा." त्यांनी पेंडी परत पिशवीत ठेवली. "वाईट हाय ते तपासता येतं, चांगलं हाय ते न्हाय," असं म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांचे गुडघे गेले, राधानगरी सुटली आणि औषधपाण्यासाठी ते लेकीकडे जाऊन राहिले.

आण्णा मला त्यानंतर दिसले ते कोल्हापुरात, सुनीताच्या घराजवळ सकाळी भाजीचा बाजार भरतो तिथं. मी कॉलेजला जायच्या आधी भाजी घेऊन निघाले होते. काठी टेकत आण्णा एकेका भाजीवालीपुढे थांबत होते आणि विचारत होते, "कुठल्या पाण्यावरची?" ज्या बाजारात नदीकाठची म्हटलं की भाव चढतो तिथं हा प्रश्न. सगळ्याजणी अभिमानानं सांगत होत्या, "नदीकाठची, आण्णा! एक नंबर!" आण्णा मान हलवून पुढे सरकत होते. मी हाक मारणार, तेवढ्यात ते कोपऱ्यातल्या एका तरण्या बाईपुढे थांबले. तिची पाटी पोकळ्यानं भरलेली होती, पानं पाणी मारलेली, नुकती जागी झालेली.

"कुठली गं, बाळ?"

तिनं भाजीच्या गावाचं नाव सांगितलं. आमच्याच गावाचं. "भूपालआण्णांच्या मळीची हाय, पावणं. नेमाचा माणूस. सोता पान खात न्हाईत, पर लोकांस्नी घालत्यात. ल्हान पोरांस्नी बिनघोर घाला."

आण्णांनी एक पेंडी उचलली. उलटीपालटी करून देठं बघितली. मी भूपाल, असं ते म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तरी काय झालं असतं? ती उठून पाया पडली असती, एवढंच. त्यांनी पेंडी हळूच परत ठेवली आणि म्हणाले, "समदी दे."

"समदी?"

"समदी."

स्टॉपवर मी त्यांना गाठलं. दोन्ही हातांत दोन फुगलेल्या पिशव्या, काठी काखेत. मी एक पिशवी धरायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. आण्णांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. ती कुठल्या पाण्यावरची, हे मी विचारलेलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "बाई, ही कुठं टाकायची, ते तुमी सांगटलंच न्हाईसा बगा."

मी काही बोलायच्या आत गावाकडची एसटी आली. कंडक्टर तोच होता, बुधवार-शनिवारच्या पिशवीतली पेंडी काढून घेणारा. आण्णांना बघून त्याचा चेहरा फुलला. हात देऊन त्यानं त्यांना वर घेतलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि पिशवीत वाकून बघितलं. "आण्णा! किती दिसांनी! पोकळा हाय व्हय? एक पेंडी द्या की घरला."

आण्णांनी दोन्ही पिशव्या मांडीवर ओढल्या, त्यांच्यावर टॉवेल पसरला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"न्हाय," ते म्हणाले.

खिडकीपाशी मी उभी होते म्हणून मला ऐकू आलं. मागच्या सीटवर कुणाला ऐकू गेलं नसेल, इतक्या हळू म्हणाले.